मेणाचे सात कान

एकवीस वर्षं मी दात बसवतेय आणि परवापर्यंत एकाही माणसाच्या तोंडात डोकावलेलं नव्हतं. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते, पण कवळ्या करणाऱ्यांचं काम असंच चालतं. दातांचा डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतो, ते आमच्या लॅबमध्ये येतं, त्यावरून आम्ही प्लास्टरचा साचा करतो. साच्यावर मेण, मेणात दात, आणि सगळं मनासारखं झालं की मेण वितळवून त्याच्या जागी गुलाबी प्लास्टिक. तयार कवळी डबीत घालून डॉक्टरकडे परत. पेशंट उंच की बुटका, हसरा की चिडका, आम्हाला काय ठाऊक? आमच्या लेखी तो डबीवरचा नंबर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ना, ते आम्ही पगार घेऊन करतो.

आमची लॅब टायरच्या दुकानावर आहे. दोन लांब टेबलं, मेण गरम करायचा बर्नर, खिडकीत साच्यांची रांग, आणि कोपऱ्यात पॉलिशच्या मोटरवर बसणारा आमचा जुना सहकारी. त्याला सगळे भुंगा म्हणतात, कारण दिवसभर त्या कोपऱ्यातून एकच आवाज येतो आणि मोटर बंद असली की तो स्वतः गुणगुणतो. मालक आतल्या खोलीत. मालकांचा नियम एकच आणि तो भिंतीवर लिहिलेला नाही तरी सगळ्यांना पाठ आहे: पेशंटशी संबंध ठेवायचा नाही. डॉक्टरांना वाटतं आपलं गिऱ्हाईक पळवतायत. मला तर हा नियम मनापासून आवडायचा.

पाच आठवड्यांपूर्वी मोठ्या इस्पितळातल्या एक डॉक्टरीणबाई धापा टाकत आमचा जिना चढून आल्या. आजारात, अपघातात किंवा भाजून ज्यांचा कान, नाक, डोळा गेलाय त्यांना तो नवा करून देणारा एक विभाग त्या चालवतात. तिथला कारागीर निवृत्त होणार होता. माझं मेणकाम त्यांनी कुठल्याशा दवाखान्यात पाहिलं होतं.

"मेणावर असा हात मी फार थोड्यांचा पाहिलाय," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे याल?"

मग पिशवीतून त्यांनी प्लास्टरचा एक कान काढून माझ्या टेबलावर ठेवला. "हा एका माणसाचा डावा. उजवा गेलाय. याच्यावरून उजवा मेणात करा आणि मला पाठवा. जागा पुढच्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत मी तुमच्यासाठी धरून ठेवते. त्यानंतर मात्र दुसरीकडे विचारावं लागेल मला."

पगार जवळपास तोच, वेळ बरी, काम माझ्या हातचं. शिवाय त्याच महिन्यात मालकांनी दात कोरणारं मशीन घेतलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, झाकण लावायचं, चाळीस मिनिटांत कवळी तयार. मालक मला म्हणाले, "बाई, तुम्हाला कोण काढतंय? तुम्ही फक्त मशीनवर नजर ठेवायची." नजर ठेवायची म्हणजे हिरवा दिवा लागला की झाकण उघडायचं. मला त्या मशीनचा राग यायला हवा होता, पण ते काम चांगलं करत होतं, हाच तर घोळ होता.

म्हणजे एका बाजूला हिरवा दिवा, दुसऱ्या बाजूला ही जागा. यात ठरवायचं ते काय? दुसऱ्या कुणाचं असतं तर मीसुद्धा हेच विचारलं असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पहिला कान मी पहिल्याच रविवारी केला. चांगला झाला. पण वरची कड किंचित जाड वाटली, म्हणून दुसरा केला. दुसऱ्याची पाळी मला पटेना. तिसरा, चौथा असं करत पाचव्या आठवड्यात माझ्या कपाटात, बिस्किटांच्या डब्यात कापसावर, मेणाचे सात कान झाले होते. सगळेच्या सगळे साच्याबरहुकूम. साच्याशेजारी धरले तर आरशात बघितल्यासारखे. आणि त्यातला एकही मी पाठवला नव्हता.

कुणी विचारलं की माझ्याकडे कारणं तयार असायची. दोन बस बदलाव्या लागतील. या वयात सिलिकॉनचं काम शिकायचं, कारण पक्का कान त्याचाच करतात. नव्या ठिकाणी आपण सगळ्यात ज्युनिअर. इथं भुंगा आहे, इथला चहा बरा आहे. आपलं तळ्यात-मळ्यात चालू.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. तो म्हणाला, "तुला हवं ते कर." या वाक्याइतकं निरुपयोगी वाक्य कुठल्या नवऱ्यानं पहिल्यांदा उच्चारलं कोण जाणे. हवं ते काय, हेच तर कळत नव्हतं.

मग नणंदबाईंनी सूत्रं हाती घेतली. ती शाळेत गणित शिकवते. तिनं कागदावर दोन रकाने आखले, डावीकडे लॅब, उजवीकडे इस्पितळ, आणि दहा मुद्द्यांना दहापैकी मार्क द्यायला लावले. बेरीज झाली, एकसष्ट-एकसष्ट.

"वहिनी, नीट मन लावून दे बघू."

मी नीट मन लावून दिले. अठ्ठावन्न-अठ्ठावन्न.

"तू मुद्दाम करतेयस!" ती ओरडली.

मुद्दाम नव्हतं. पण तिसऱ्यांदा कागद हातात घेतल्यावर मीच स्वतःला पकडलं. उजवीकडे आठ दिले की माझी नजर आपोआप डावीकडे कुठं दोन वाढवता येतील ते शोधत होती. एकवीस वर्षं डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी करण्यात गेलेली. कवळी एका बाजूला कलली तर माणसाला जेवता येत नाही, म्हणून हाताला तेच वळण. नणंदेला हे सांगितलं तेव्हा तिनं कागद फाडला आणि म्हणाली, "तुझ्यापुढे गणितानं हात टेकले."

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी एक डबी परत आली. तिसऱ्यांदा. वरची कवळी, आणि सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. पहिल्या दोन चिठ्ठ्यांत एकच शब्द होता, "सैल". मी दोन्ही वेळा मागची कड घट्ट करून दिली होती. या वेळी डॉक्टरांनी पुढे एक ओळ लिहिली होती: "पेशंट म्हणतात, राहू द्या, आता दातच नकोत."

माझं डोकं फिरलं. मी कवळी साच्यावर बसवली, ती चिकटली. साचा उलटा केला, पडेना. भुंग्याला बोलावून दाखवलं. त्यानं बोटानं ओढून पाहिली आणि म्हणाला, "सैल ही नाही, डॉक्टर आहे."

मी हसले, पण ती ओळ काही डोक्यातून जाईना. दातच नकोत. कुणीतरी माझ्यामुळे उरलेलं आयुष्य बिनदातांनी काढायचं ठरवलं होतं, आणि ते कोण हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

गुरुवारी डबी मीच घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर जेवायला गेले होते. काउंटरवरच्या मुलीला मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ही पेशंट कोण. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय. तिला कसला नियम न् काय, ती म्हणाली, "त्या होय? समोरच्या गल्लीत कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली बसतात. शिंपीण आहेत."

मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. जिन्याखालची जागा दिसत होती. एक शिलाई मशीन, त्याच्यामागे वाकलेली एक बाई, आजूबाजूला निळ्या कापडाचे ढीग. वीस पावलं असतील. मी दहा मिनिटं तिथंच उभी.

आणि तिथं, भर दुपारी, मला स्वतःशी कबूल करावं लागलं. दोन बस, सिलिकॉन, वय, चहा, सगळे बहाणे. मला भीती माणसांची होती. लॅबला लागले त्या पहिल्या वर्षी दाताचा रंग जुळवायला मला एका दवाखान्यात पाठवलं होतं. खुर्चीत माझ्याच वयाची मुलगी, अपघातात पुढचे चार दात गेलेली. मी रंगाची पट्टी तिच्या ओठांजवळ नेली आणि ती रडायला लागली. मी पट्टी तिच्या मांडीवर टाकून पळून आले. परत गेले नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी तो नियम सांगितला तेव्हा मला केवढं हायसं वाटलं होतं. इस्पितळात साचा नसणार, खुर्चीत माणूस असणार, आणि तो रडू शकतो. पाच आठवडे मी एवढ्या एका गोष्टीभोवती गोल गोल फिरत होते.

पण डबी हातात होती आणि चूक माझी होती. मी गेले.

शिंपीणबाई सत्तरीच्या आतबाहेर. मला बघून तिनं चटकन तोंडावर हात धरला. काय बोलावं ते मला सुचेना, आणि माझ्या तोंडून निघालं, "तुमची वरची डावी बाजू झिजलीय आणि टाळूला मागं एक छोटं टेंगूळ आहे."

बाईचा हात तोंडावर तसाच राहिला. डोळे मात्र मोठे झाले. "तू कोण गं? ज्योतिषी का काय?"

"तुमची कवळी मी करते."

"अगं बाई! मग आधी नाव-गाव सांगावं की! डायरेक्ट टाळूवर काय येतेस?"

ती हसायला लागली, मलाही हसू फुटलं. तिनं कपड्यांचा ढीग बाजूला सारून मला स्टूल दिलं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला चमत्कारिक वाटत होतं. या तोंडातला खड्डा न् खड्डा मला पाठ होता, पण चेहरा अगदी अनोळखी. गालाला खळी पडत होती. साच्यात खळी कुठं असते?

मी तिला कवळी बसवायला लावली. बोला म्हटलं, ती बोलली. बिस्किट दिलं, तिनं खाल्लं. कवळी जागची हलली नाही.

"मग सैल कुठं होते, मावशी?"

"सैल कोण म्हणालं? सैल नाही, उडते."

"कधी उडते?"

नजर चुकवून तिनं मशीनवरचं कापड पुढे ओढलं, पाय चालवला, एक शिवण भराभर मारली. शिवण संपली तशी मान डावीकडे कलवून खाली वाकली आणि पुढच्या डाव्या दातात दोरा धरून हिसका दिला. दोरा तुटला. कवळी मागून सुटून ओठांवर आली.

"ही बघ, अशी!" ती कवळी हातात धरून म्हणाली.

तिच्या गळ्यात कात्री लटकत होती. मी तिच्याकडे बोट दाखवलं.

"कात्रीला हात लागतो. हात कापडावर असतात. पन्नास वर्षं असाच तोडतेय."

"डॉक्टरांना का नाही सांगितलंत?"

"ते विचारतात जेवताना होतं का, बोलताना होतं का. मी म्हटलं नाही. दोऱ्याचं कसं सांगू? दातानं दोरा तोडू नये म्हणून माझी आई ओरडायची, मास्तर ओरडायचे. आता या वयात डॉक्टरांकडूनही बोलणी खाऊ?"

दोन वेळा मी घट्ट करत बसले होते ती मागची कड. त्या कडेचा काही दोष नव्हता. पुढून हिसका दिला तर जगातली कुठलीही कवळी मागून उचलणारच, त्यातून डावीकडचं हाड झिजलेलं. मी तिला तोंड उघडायला सांगितलं, हात धुतले, आणि आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या हिरड्यांवरून बोट फिरवलं. उजवीकडचं हाड दणकट होतं.

"मावशी, मी पुढचे दात जरा आत घेते. आणि उजवीकडे, इथं, सुळ्यामागच्या दाताला थोडी धार ठेवते. खाली तुमचा स्वतःचा दात आहे. दोरा इकडे तोडलात तर जोर हाडावर जाईल, कवळी हलणार नाही. पण मान उजवीकडे वळवावी लागेल. पन्नास वर्षांची सवय मोडावी लागेल."

तिनं मान उजवीकडे वळवून पाहिली. एकदा, दोनदा. "चार दिवस चुकेल," ती म्हणाली. "मग जमेल." आणि पुढचं कापड ओढून घेतलं.

मी वाट बघत होते, अजून काही बोलेल म्हणून. "विचार करून सांगा हवं तर," मी म्हटलं.

"केला की."

"आत्ता?"

"मग कधी करायचा? हे गणवेश सोमवारी द्यायचेत."

पाच आठवडे, सात कान आणि दोन वेळा बरोबरीत सुटलेली बेरीज घेऊन मी तिच्यासमोर स्टुलावर बसले होते.

लॅबमध्ये परतले तर मालक दारातच. दवाखान्यातून फोन आला होता. "बाई, तुम्ही पेशंटकडे गेलात? तुम्ही? भुंगा गेला असता तर समजलो असतो. पेशंट डॉक्टरांचा असतो!"

"तोंड तिचं असतं," मी म्हणाले.

मालक माणूस वाईट नाही, फक्त घाबरट आहे, आणि घाबरट माणूस मला लांबून ओळखता येतो. मी बर्नर पेटवला, कवळीचे पुढचे सहा दात सोडवले आणि नव्यानं लावले. चार वाजेपर्यंत काम झालं. भुंग्यानं पॉलिश केलं, सगळीकडे गुळगुळीत आणि मी खूण केलेल्या एका दातावर अजिबात नाही. त्याला तसं सोडताना यातना झाल्या, पण सोडलं. मग मी मालकांच्या खोलीत जाऊन उद्याची रजा मागितली.

"कशाला?"

"इस्पितळात जायचंय."

"तब्येत?"

"नाही. ती जागा बघायला."

"हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, बाई," मालक म्हणाले, पण अर्जावर सही केली.

संध्याकाळी नवरा गॅलरीत बूट काढत होता तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. ती रडणारी मुलगी, टाकलेली पट्टी, पळून येणं. वीस वर्षांच्या संसारात हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं.

त्यानं दुसरा बूट काढला. "मग हे आधी सांगायचं. मला वाटलं तुझं बसचं खरंच आहे. मी तर तुला स्कूटर शिकवायच्या विचारात होतो."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की आतले लोक काय करतात, माहितीय? सगळी बटणं दाबतात. पाचवा, दुसरा, तळमजला, जे दिसेल ते. बटणानं सुटत नसते ती. आम्ही वर जाऊन ब्रेक सैल करतो आणि हातानं हळूहळू जवळच्या मजल्याला लावतो. जवळच्या. त्यांना आठव्यावर जायचं असलं तरी. दार उघडलं की माणूस आपोआप हुशार होतो."

"म्हणजे मी काय करू?"

"उद्या जाऊन बस. नोकरीचं नंतर. एक माणूस समोर बसव आणि पळून येतेस का बघ."

शुक्रवारी सकाळी शिंपीणबाईंची डबी मी वाटेत दवाखान्यात दिली आणि दोन बस बदलून इस्पितळात पोचले. दोन्ही बसमध्ये बसायला जागा मिळाली, एक बहाणा तिथंच गळाला. बिस्किटांचा डबा मांडीवर होता.

डॉक्टरीणबाईंची खोली माझ्या लॅबहून लहान. खिडकीखाली टेबल, त्यावर तोच बर्नर, तीच मेणाची सुरी, तेच मेण. फरक एकच, टेबलासमोर खुर्ची होती. त्यांनी डबा उघडला आणि भुवया उंचावल्या.

"सात?"

"एक निवडायचा राहिला."

त्यांनी एक उचलून उजेडात धरला. बराच वेळ पाहिला. "सुरेख आहे. हा ज्याचा आहे तो माणूस दहा वाजता येतोय. थांबता?"

"थांबते," मी म्हणाले.

तो माणूस सुतार निघाला. पन्नाशीचा, खांद्यात रुंद, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. आठ महिन्यांपूर्वी गाठ काढताना उजवा कान काढावा लागला होता. तो खुर्चीत बसला तो डावा गाल माझ्याकडे करून. डॉक्टरीणबाईंनी त्याला हळूच वळवलं. कानाच्या जागी गुलाबी, ताणलेली कातडी होती आणि मध्ये एक छोटं भोक. मला भीती वाटली. उठावंसं वाटलं. मी दोन्ही पाय माझ्या खुर्चीच्या आडव्या दांडीत अडकवले आणि बघत राहिले. थोड्या वेळानं ती एक जागा झाली, जिच्यावर काम करायचं होतं. मग मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला होता.

डॉक्टरीणबाईंनी मेणाचा कान त्याच्या डोक्याशी धरला. मी समोरून पाहिलं. कान चुकला होता. त्याचा खरा डावा कान डोक्यापासून चांगला पुढे आलेला होता, अगदी कपाटाचं दार अर्धवट उघडं राहिल्यासारखा. माझा कान डोक्याला चिकटून. सातही तसेच. साच्यासाठी माप घेताना कानावर जो लगदा थापतात त्याच्या वजनानं कान दबला असणार, आणि मी दबलेल्या कानाची एकाहून एक सरस नक्कल करत बसले होते. आणखी सत्तर केले असते तरी तेवढेच चुकले असते.

"सातही चुकलेत," मी म्हणाले. मोठ्यानं, स्पष्ट. म्हटल्यावर बरं वाटलं.

मी सुताराच्या समोर खुर्ची ओढली, आमचे गुडघे जवळजवळ लागत होते.

"दादा, कान कसा दिसायला हवा ते मी बघते. पण तुम्हाला तो हवाय कशासाठी?"

तो गोंधळला. डॉक्टरीणबाईंकडे पाहून म्हणाला, "दिसायलाच. म्हणजे, तेच ना?"

"कामावर काय अडतं?"

मग त्याचा उजवा हात वर गेला, नसलेल्या कानाच्या मागे, आणि रिकामाच खाली आला. "पेन्सिल," तो म्हणाला. "इथं असायची. आता डावीकडे लावतो. पण हात इकडेच जातो. दिवसातून शंभर वेळा जातो, ताई. आणि प्रत्येक वेळी..." त्याचे डोळे भरले. त्यानं ते बाहीनं पुसले आणि त्याला शरम वाटली.

मी पळाले नाही. माझेही डोळे भरले, मी ते पुसलेही नाहीत. "पेन्सिल आणलीय?" मी विचारलं.

त्यानं खिशातून चपटी सुतारी पेन्सिल काढली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चिकटवलेला कान आहे. पेन्सिलीनं ओढला जाईल."

"वजन कानावर पडलं तर ओढला जाईल. हाडावर पडलं तर नाही." माझं बोट त्याच्या कानामागच्या हाडावर होतं. चांगलं दणकट होतं. "मागची भिंत जाड करते आणि खाच अशी देते की पेन्सिल डोक्याला टेकेल. कान फक्त ती पडू नये म्हणून. दादा, पेन्सिल मात्र अर्धी वापरायची. पूर्ण लांबीची पेलणार नाही, खोटं कशाला सांगू?"

"अर्धी चालेल," सुतार म्हणाला. "माझ्या तशाही अर्ध्याच असतात."

मी सातातला पहिला कान घेतला आणि आडवा कापला. मागे मेण चढवलं, कान बाहेर काढला, त्याच्या डोक्याशी धरला, समोरून पाहिलं, पुन्हा कापला. तो मध्येच बोलत होता, दरवाजांबद्दल, मुलीच्या परीक्षेबद्दल. मी हूं हूं करत होते. मध्ये कुणीतरी चहा ठेवून गेलं, तो गार झाला. कधीतरी सुतारानं न विचारताच पेन्सिल उचलली आणि मेणाच्या कानामागे सारली. राहिली. त्यानं हात खाली घेतला, क्षणभर थांबला, मग हात वर नेऊन पेन्सिल काढली, आणि परत लावली. असं चार-पाच वेळा केलं.

तो गेल्यावर मी घड्याळ पाहिलं, तर तीन वाजून गेले होते. मी सुरी पुसत होते. डॉक्टरीणबाई दाराला टेकून उभ्या होत्या.

"आज शुक्रवार आहे," त्या म्हणाल्या. "मला पाचपर्यंत कळवायचंय वर. तुमचं काय ठरलं? येताय?"

मला खरंच एक क्षण कळेना, त्या कशाबद्दल विचारतायत.

"आलेय की," मी म्हणाले, आणि विचारलं, सोमवारी पहिलं कोण आहे.